डोक्यावरचे उन्हाचे डाग: घरच्या फवाऱ्यापासून द्रवरूप नायट्रोजनपर्यंत

मार्च २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी पत्नी माझ्या डोक्याला खोबरेल तेल लावत असताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "अहो, इथे काहीतरी खरखरीत लागतंय, वाळू चिकटल्यासारखं." मी आरशात पाहिले, तर टाळूवर फिकट गुलाबी रंगाचा पुसटसा ठिपका होता आणि तो नीट दिसतही नव्हता. बोट फिरवल्यावर मात्र स्पष्ट जाणवत होता. नंतर कळले की या डागांची हीच खूण आहे, ते डोळ्यांआधी बोटांना सापडतात. पुढच्या काही दिवसांत मी कपाळ, कानशिले, कानांच्या कडा आणि हात असे सगळे चाचपून पाहिले. आठ जागा सापडल्या. त्यांपैकी उजव्या हाताच्या बाहेरच्या बाजूला, मनगटाच्या थोडे वर असलेली जागा सर्वांत मोठी, साधारण नखाएवढी, तांबूस आणि खवले सुटणारी होती.

माझे बालपण रत्नागिरीचे, वर्ण गोरा, डोळे घारे. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आलो आणि त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षे जमीन मोजणीच्या कामात उघड्या रानात घालवली. शनिवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांत पंच म्हणून उभा राहत असे. ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलँडमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे, हे मला ऐकून ठाऊक होते. बरोबरीचे गोरे सहकारी दरवर्षी कातडी तपासून घेत आणि कपाळावर, नाकावर खपल्या घेऊन कामावर येत, हेही मी पाहत होतो. तरीही हा आपल्या लोकांचा आजार नव्हे, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. सर्वसाधारण भारतीय कातडीत हे डाग विरळा आढळतात, हे खरेच आहे. पण कातडीला माणसाचा देश कळत नाही. तिच्यात रंगद्रव्य किती आहे आणि तिने ऊन किती घेतले आहे, एवढेच मोजले जाते. माझ्या टाळूवरचे केस चाळिशीतच गेले होते, हे त्या हिशेबात मी कधी धरले नव्हते.

या डागांना येथे बोलीभाषेत सनस्पॉट म्हणतात आणि डॉक्टर सोलर किंवा ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींत बिघाड साठत जातो आणि त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात. बहुतेक डाग तसेच राहतात, काही आपोआप जातातही, पण थोड्या डागांचे पुढे स्क्वेमस सेल कार्सिनोमा या कर्करोगात रूपांतर होऊ शकते. कोणत्या डागाचे होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ते काढून टाकण्याची पद्धत आहे आणि त्यातली सर्वांत रुळलेली रीत म्हणजे ते गोठवणे.

हे वाचून मी जे केले ते आता तपशिलाने लिहितो, कारण हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. त्वचा दवाखान्यात भेटीसाठी पाच आठवडे थांबावे लागणार होते आणि पैसेही जाणार होते. ११ मे रोजी, शनिवारी, मी औषधाच्या दुकानातून चामखीळ गोठवण्याचा घरगुती फवारा २६ डॉलरला आणला. दुकानातल्या फार्मासिस्टने विचारले, "चामखीळच आहे ना?" मी हो म्हटले. ते खोटे होते, आणि ज्या एका प्रश्नाने मला थांबवायला हवे होते त्याला मी असे बाजूला सारले. डब्याबरोबरच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेले होते की हा फवारा केवळ चामखिळीसाठी आहे, चेहऱ्यावर वापरू नये, मधुमेह असणाऱ्यांनी वापरू नये आणि ज्या डागाबद्दल खात्री नाही त्याला लावू नये. मी ते वाचले आणि चेहरा सोडून हातावरच्या डागाला लावायचे ठरवले.

फवारा डब्याच्या टोकाला लावलेल्या फोमच्या बोंडात उतरतो आणि ते गार झालेले बोंड कातडीवर धरायचे असते. मी ते सांगितलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच धरले. आधी गार, मग चटका बसल्यासारखी आग, आणि बोंड उचलल्यावर पांढरा पडलेला गोल. रात्रीपर्यंत तिथे पाणी भरलेला फोड आला. तिसऱ्या आठवड्यात खपली पडली आणि खाली गुळगुळीत, दुधाळ पांढरा ठसा दिसला. दोन दिवस मला समाधान वाटले. मग त्या पांढऱ्या ठशाच्या कडेला बोटाला पुन्हा तोच खरखरीतपणा लागला आणि मी मुकाट्याने दवाखान्यात फोन केला. सुदैवाने कोणीतरी रद्द केलेली वेळ मिळाली आणि भेट अडीच आठवड्यांतच ठरली.

१८ जून २०२४, मंगळवार. येथे त्वचा तपासणीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे लागते असे नाही. या विषयाचे वेगळे प्रशिक्षण घेतलेले सामान्य डॉक्टर असे दवाखाने चालवतात आणि त्यांच्याकडे जायला दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. जाताना अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, नखांना रंग असल्यास काढावा आणि सहज उतरवता येतील असे कपडे घालावेत, असा निरोप आदल्या दिवशी आला होता. तपासणी डोक्यापासून तळपायापर्यंत होते, बोटांच्या बेचक्याही सुटत नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या हातात डर्मोस्कोप होता, म्हणजे दिवा बसवलेले भिंग, ज्यातून कातडीच्या आतली रचना आणि बारीक रक्तवाहिन्यांची ठेवण दिसते. टाळू आणि कानशिले पाहून त्यांनी सात डाग सोलर केराटोसिसचे असल्याचे सांगितले. पाठीवरचा एक काळपट, मेणाचा थेंब चिकटल्यासारखा डाग, ज्याची मला मनातून सर्वांत भीती होती, तो वयामुळे येणारा निरुपद्रवी निघाला आणि त्याला हातही लावायची गरज नव्हती.

मग त्या माझ्या उजव्या हातापाशी आल्या आणि बराच वेळ थांबल्या. "याला काही केले आहे का?" मी सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गोठवल्यामुळे वरची खूण पुसली गेली आहे. आता भिंगातून मला काय दिसते आहे, मूळ आजार की भरून येणारी जखम, हे सांगता येणार नाही. सहा आठवडे थांबावे लागेल." घरी गोठवण्यातला हा धोका माझ्या डोक्यातच आला नव्हता. त्या डागाची ओळख पटवण्याचे साधन मी स्वतःच्या हाताने नाहीसे केले होते.

फवाऱ्याने पांढरा ठसा उठला आणि आजार मात्र राहिला, असे का झाले, हे मी त्यांना विचारले. त्यांनी दिलेले उत्तर सावळ्या वर्णाच्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीला सर्वांत नाजूक असतात. उणे ५ अंशांच्या आसपासच त्या मरू लागतात. कातडीच्या इतर पेशी मरायला उणे २० ते ३० अंशांपर्यंत जावे लागते आणि कर्करोगाच्या पेशींसाठी उणे ५० च्या घरात. दवाखान्यातला द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, त्यामुळे त्याच्या फवाऱ्याने काही सेकंदांत एवढी थंडी गाठता येते. घरगुती डब्यात डायमिथाइल इथर आणि प्रोपेन असतात. त्यांचे मिश्रण उणे ५७ अंशांपर्यंत जाते असे म्हणतात, पण बोंडातून कातडीपर्यंत पोहोचताना त्यातली बरीच थंडी वाटेतच संपते. म्हणजे घरच्या फवाऱ्याने आधी जातो तो रंग आणि शेवटपर्यंत टिकतो तो आजार. माझ्या हातावर नेमके तेच झाले होते.

याच जागी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. आपल्याकडे गालांवर, नाकावर, कपाळावर येणारे तपकिरी डाग बहुधा वांगाचे असतात. तेही उन्हाने वाढतात, पण त्यांचा या डागांशी संबंध नाही आणि ते घरी गोठवायला गेल्यास पांढरे किंवा अधिक काळे चट्टे मात्र कायमचे पडू शकतात. याउलट ज्यांना जन्मतः रंगद्रव्य नसते, अशा ॲल्बिनिझम असलेल्या आपल्याकडच्या माणसांना कडक ऊन खरोखर घातक असते आणि अशा घरांत खरखरीत डागांकडे लहान वयापासूनच लक्ष ठेवावे लागते.

त्याच भेटीत सात डाग गोठवण्यात आले. धातूच्या छोट्या थर्मासमधून पांढरी वाफ येत होती आणि त्याच्या नळीतून बारीक शिट्टीसारखा आवाज करीत फवारा निघत होता. प्रत्येक डागावर पाच ते दहा सेकंद, डागाच्या कडेबाहेर मिलिमीटर-दोन मिलिमीटरपर्यंत पांढरे कडे उमटेपर्यंत. भूल दिली जात नाही. गोठताना सुई टोचत राहिल्यासारखे वाटते, पण खरी वेदना नंतरच्या दोन-तीन मिनिटांत, ती जागा पुन्हा उबदार होऊ लागते तेव्हा होते. कपाळाच्या वरच्या भागावर केल्यानंतर बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर उठतो तशी कळ डोक्यात गेली आणि पाच मिनिटे खुर्चीत बसून राहावे लागले. ज्यांना लगेच गाडी चालवायची आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

शुल्क १०५ डॉलर होते आणि मेडिकेअर या येथल्या सरकारी आरोग्य विम्यातून सुमारे ४१ डॉलर परत आले. येथे एक बारीक नियम आहे. एकाच वेळी १० किंवा अधिक डाग गोठवले तर त्यासाठी मेडिकेअरच्या परताव्याचा स्वतंत्र क्रमांक लागू होतो. त्याहून कमी असल्यास ते काम साध्या भेटीतच धरले जाते. माझे सात होते, म्हणून वेगळा परतावा नव्हता. दवाखान्याने आपले शुल्क आधीच सांगितले होते, तरी भेट ठरवताना "डाग गोठवायचे झाल्यास वेगळे पैसे पडतील का" हे विचारून ठेवणे बरे, कारण प्रत्येक ठिकाणची रीत निराळी असते.

घरचे काम त्यानंतर सुरू झाले. पहिल्या संध्याकाळी सातही जागा लाल होऊन फुगल्या आणि दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी फोड आले, त्यांतला एक रक्ताळलेला होता. तो पाहून पत्नी घाबरली. दवाखान्याने दिलेल्या कागदावर असा फोड येऊ शकतो हे लिहिलेले होते, म्हणून आम्ही रात्रीची धावपळ केली नाही. फोड फोडायचा नाही, तो आपणहून फुटल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करायचे, दिवसातून दोनदा साधे व्हॅसलिन लावायचे आणि खपली ओढायची नाही, एवढेच करायचे होते. पत्नीने हळदीची वाटी आणलीच होती आणि रत्नागिरीहून भावाचाही तोच आग्रह होता, पण उघड्या जखमेवर काहीही घालू नका असे बजावलेले असल्यामुळे ती आम्ही परत ठेवली. डोके धुता येत होते, फक्त टॉवेल चोळायचा नव्हता, टिपून घ्यायचा होता. उशीवर जुना सुती पंचा अंथरला. टाळूवरच्या खपल्या १२ ते १४ दिवसांत पडल्या, कानावरच्या आधीच. हाता-पायांवर, विशेषतः नडगीवर, तीन-चार आठवडे किंवा अधिकही लागतात असे सांगण्यात आले. ताप, पू किंवा वाढत जाणारी लाली दिसली तर मात्र थांबायचे नव्हते. तसे काही झाले नाही.

त्या सहा आठवड्यांत टाळूची मला चिंता नव्हती, हाताची होती. रोज सकाळी चहा पिताना मी त्या पांढऱ्या ठशाच्या कडेवर बोट फिरवत असे आणि ती कड आज वाढली की आहे तेवढीच आहे, याचा निर्णय होत नसे. बरोबर सहा आठवड्यांनी, ३० जुलै रोजी, भूल देऊन त्या जागेतून ३ मिलिमीटरचा गोल नमुना काढला गेला आणि एक टाका पडला. अहवालाला आठवडा लागला. तो आठवडा मी पत्नीशी नीट बोलू शकलो नाही. आपण फवारा आणला नसता तर हे सहा आठवडे आधीच कळले असते, हा एकच विचार डोक्यात होता.

६ ऑगस्टला अहवाल आला: बोवेनचा आजार. म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमाच, पण अजून कातडीच्या वरच्या थरातच असलेला, खाली न उतरलेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर कातडीचे थर काढून दाखवले आणि मधली रेघ ठळक केली. ही रेघ अजून ओलांडलेली नाही, असे त्या म्हणाल्या. यावर अधिक वेळ गोठवणे, क्रीम लावणे किंवा कापून काढणे असे तीन मार्ग होते. आधीच्या गोठवण्याने जागा विस्कळीत झालेली असल्यामुळे कडा तपासून मिळाव्यात म्हणून कापून काढणे त्यांना अधिक खात्रीचे वाटले आणि मलाही.

२२ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली, सगळे मिळून पाऊण तास. पाच टाके पडले, ते ३ सप्टेंबरला काढले आणि कडा स्वच्छ असल्याचा अहवाल त्याआधीच आला होता. त्या दिवशी ३८० डॉलर भरले. परताव्यासाठी मात्र अहवाल येईपर्यंत थांबावे लागले, कारण काढलेला डाग कर्करोगाचा ठरला की नाही आणि तो शरीरावर कोठे व किती मोठा होता, यावर मेडिकेअरचा क्रमांक अवलंबून असतो. पावती लगेच पूर्ण का होत नाही, म्हणून मी काउंटरवर उगाच वाद घातला होता. इतरांनी तो घालू नये.

एवढ्याने संपले असे मला वाटले होते, पण डिसेंबरच्या तपासणीत टाळूवर तीन नवे डाग निघाले. दरवेळी एकेक डाग गोठवत राहण्यापेक्षा संपूर्ण टाळूवरच उपचार करावा, असे ठरले. त्यासाठी फ्लुओरोयुरासिल हे ५ टक्क्यांचे क्रीम असते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि बिघडलेल्या, वेगाने वाढणाऱ्या पेशींना वेचून मारते. उपचार चालू असताना ऊन अजिबात चालत नाही, म्हणून ब्रिस्बेनच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचे ठरले आणि २ जून २०२५ रोजी, सोमवारी, मी पहिल्यांदा ते लावले. २० ग्रॅमची नळी मला ६८ डॉलरला पडली.

खऱ्या अर्थाने घरी करण्यासारखा उपचार हाच, आणि तो गोठवण्यापेक्षा कितीतरी अधिक चिकाटी मागतो. सकाळ-संध्याकाळ हातमोजा घालून पातळ थर लावायचा, डोळे आणि ओठ यांपासून दूर, आणि नंतर हात धुवायचे. पहिले चार दिवस काहीच दिसले नाही. सहाव्या दिवशी टाळूवर लाल ठिपके उमटू लागले, आणि जिथे बोटालाही कधी काही लागले नव्हते अशा कित्येक जागा त्यात उजळून निघाल्या. दोन आठवड्यांनंतर टाळू भाजल्यासारखी दिसत होती, जळजळीने झोप मोडत होती आणि मी बाहेर जाणे बंद केले होते. ज्यांच्याकडे लग्नकार्य, प्रवास किंवा गणपतीचे पाहुणे आहेत त्यांनी त्या दिवसांच्या आसपास हे सुरू करू नये. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर नळी आणि वापरलेले हातमोजे त्यांच्या तोंडी लागणार नाहीत असे ठेवावेत, कारण हे क्रीम पोटात गेल्यास ते प्राणी दगावू शकतात. आमचा कुत्रा रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपत असे. तीन आठवडे त्याला दुसऱ्या खोलीत ठेवले आणि तो दाराबाहेर कण्हत राही, तेही सोसवत नसे. २१ व्या दिवशी क्रीम थांबवले. जुलैच्या मध्यापर्यंत खपल्या गेल्या, लाली ओसरली आणि खाली आलेली कातडी हाताला मऊ लागली.

आता सकाळी दात घासल्यावर टाळू, कान, मान आणि हात यांना सनस्क्रीन लावतो, ढग असले तरी. ब्रिस्बेनपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या नॅम्बूर गावात १९९२ मध्ये सोळाशेहून अधिक रहिवाशांवर सुरू झालेल्या आणि काही वर्षे चाललेल्या प्रयोगात, रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल कार्सिनोमाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले होते. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितले तेव्हा मनात आले की मी ब्रिस्बेनला उतरलो त्या वर्षी तो प्रयोग चालूच होता, आणि मी त्या गावाच्या आसपास उघड्या डोक्याने जमिनी मोजत होतो. हवामान खात्याच्या अतिनील निर्देशांकाने ३ चा आकडा गाठला की संरक्षण घ्यावे असा येथला सल्ला आहे, आणि ब्रिस्बेनमध्ये तो हिवाळ्यातल्या दुपारीही गाठला जातो. रुंद काठाची टोपी दाराच्या खुंटीलाच असते. पुढे फक्त झाप असलेली क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते, म्हणून ती आता पंचगिरीलाही घालत नाही.

सहा महिन्यांनी एकदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढची ऑक्टोबरात आहे. गेल्या रविवारी तेल लावताना पत्नीला माझ्या डाव्या कानाच्या वरच्या कडेवर पुन्हा थोडे खरखरीत लागले. शेजारी पाच सेंटचे नाणे धरून तिने त्या जागेचा फोटो काढला आहे, त्यावर तारीख घातली आहे, आणि मी त्या जागेला काहीही लावलेले नाही.